आरोग्याचा दावा कसा तपासावा: तथ्य किती, ताणलेले किती

आहाराविषयीचे बहुतेक फसवे दावे सपशेल खोटे नसतात, आणि नेमके म्हणूनच ते ओळखणे अवघड जाते. "अमुक फळाने कर्करोग टळतो", "तमुक गोळीने स्मरणशक्ती वाढते" अशा वाक्यांच्या मुळाशी शोध घेतला, तर तिथे बहुधा काहीतरी खरे सापडते: प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलेला एखादा परिणाम, उंदरांवरचा एखादा प्रयोग, किंवा हजारो लोकांच्या आहाराच्या नोंदींतून निघालेला एखादा आकडा. ती खरी गोष्ट शोधनिबंधातून मथळ्यात, मथळ्यातून जाहिरातीत आणि जाहिरातीतून घरोघरच्या बोलण्यात उतरते, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर तिच्यातली एखादी अट गळून पडते आणि शेवटी सुतावरून स्वर्ग गाठला जातो. त्यामुळे "हे खरे की खोटे?" एवढाच प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. नेमके काय मोजले, कोणावर मोजले, कशाशी तुलना केली आणि फरक किती पडला, हे विचारले की दावा कुठपर्यंत टिकतो आणि कुठून पुढे ताणला गेला आहे, ते पुष्कळदा स्पष्ट दिसू लागते.

भाजी आणि भाजीतले द्रव्य

या प्रश्नांचे मोल कळण्यासाठी बीटा-कॅरोटीनचा इतिहास तपशिलात पाहण्यासारखा आहे. गाजराला नारिंगी रंग देणारे हे द्रव्य असून शरीरात त्यापासून अ जीवनसत्त्व तयार होते. विसाव्या शतकाच्या सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील अनेक अभ्यासांत असे आढळले, की ज्यांच्या आहारात किंवा रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक असते, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी असते. यामागचे स्पष्टीकरणही पटण्यासारखे होते: ऑक्सिडीकरणामुळे पेशींची हानी होते आणि बीटा-कॅरोटीन ती हानी रोखू शकते. निरीक्षण होते, स्पष्टीकरण होते, द्रव्य नैसर्गिक होते आणि भाज्यांतून माणूस ते पूर्वापार खात आला होता. त्या वेळी कोणी या गोळ्यांची शिफारस केली असती, तर ती घातक आहे असे म्हणण्याइतका पुरावा कोणापाशीच नव्हता.

संशोधक तिथे थांबले नाहीत, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. फिनलंडमध्ये 50 ते 69 वर्षे वयाच्या, धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागणी करण्यात आली. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण गुणकारी द्रव्य नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, देण्यात आली. कोणाला काय मिळते आहे हे गोळी घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. पाच ते आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 1994 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक होता. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या, पूर्वी करत असलेल्या आणि ॲस्बेस्टॉसशी कामानिमित्त संबंध आलेल्या 18,314 लोकांवर बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व यांची एकत्रित चाचणी सुरू होती. ती नियोजित मुदतीच्या 21 महिने आधी, जानेवारी 1996 मध्ये थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्क्यांनी अधिक आढळत होता.

आधीचे अभ्यास खोटे होते का? मुळीच नाही. भाज्या अधिक खाणाऱ्यांमध्ये कर्करोग कमी होता, हे निरीक्षण बरोबरच होते. परंतु भाज्या अधिक खाणारी माणसे अन्य बाबतींतही वेगळी असतात: ती कमी धूम्रपान करतात, अधिक हालचाल करतात, आजारपणात वेळेवर उपचार घेतात, आणि बहुधा आर्थिकदृष्ट्याही बऱ्या स्थितीत असतात. शिवाय भाजीत एकच द्रव्य नसते आणि भाजीतून मिळणारी मात्रा गोळीतल्या मात्रेच्या मानाने बरीच कमी असते. या चाचण्यांनी भाज्यांचे महत्त्व कमी केले नाही. भाजीतले एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत दिले की भाजीचेच हित साधेल, ही समजूत त्यांनी मोडून काढली. आणि इथेही अट गळू देता कामा नये. हा अपाय धूम्रपान करणाऱ्यांत व ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेल्यांत दिसला. अमेरिकेतील 22,071 पुरुष डॉक्टरांवर सुमारे बारा वर्षे चाललेल्या चाचणीत बहुतेकजण धूम्रपान न करणारे होते, आणि तिच्यात या गोळीचा ना लाभ दिसला ना अपाय.

नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत अशा अडचणी पदोपदी येतात. "गेल्या वर्षभरात अमुक पदार्थ आठवड्यातून किती वेळा खाल्ला?" या धर्तीच्या प्रश्नावलीला माणसे आठवून, अंदाजाने आणि थोडेफार स्वतःला बरे दिसेल असे उत्तर देतात. मद्यपानाच्या अभ्यासांत तर आणखी एक पेच वर्षानुवर्षे राहिला. अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडे पिणारे अधिक निरोगी दिसत, परंतु "अजिबात न पिणाऱ्यां"च्या गटात आजारपणामुळे मद्य सोडलेली माणसेही मोजली जात, आणि त्यामुळे तो गट मुळातच अधिक आजारी दिसे. संख्याशास्त्राच्या साहाय्याने वय, धूम्रपान, उत्पन्न यांचा प्रभाव बाजूला काढता येतो खरा. पण जे मोजलेच नाही, ते बाजूला काढता येत नाही.

म्हणून असे अभ्यास निरुपयोगी ठरवणे हीसुद्धा तेवढीच मोठी चूक होईल. धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे आपल्याला मुख्यतः अशाच निरीक्षणांतून कळले. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा प्रसिद्ध अभ्यास 1950 चा आहे. माणसांना वर्षानुवर्षे सिगारेट ओढायला लावून चाचणी घेणे शक्यही नव्हते आणि न्याय्यही नव्हते. पण तिथे धोका पंधरा ते तीस पटींनी वाढतो. एवढा प्रचंड फरक जीवनशैलीतल्या एखाद्या न मोजलेल्या सवयीने पडला असेल, असे मानता येत नाही. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक मात्र तशा सवयीने सहज पडू शकतो, आणि आहाराविषयीच्या बातम्यांतले बरेचसे आकडे याच आवाक्यातले असतात.

टक्के कशाचे?

आकड्याच्या आकाराबरोबरच तो कशाच्या तुलनेत सांगितला आहे, हेही पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला आणि रोज 50 ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असे सांगितले. अनेकांनी याचा अर्थ असा घेतला, की हे मांस खाणाऱ्या शंभरांपैकी अठराजणांना कर्करोग होतो. प्रत्यक्षात ही वाढ मूळ धोक्याच्या 18 टक्के आहे. ज्या लोकसमूहात आयुष्यभरात शंभरांपैकी साधारण पाचजणांना हा रोग होतो, तिथे सगळ्यांनीच रोज एवढे मांस खाल्ले तर ही संख्या पाचावरून सहाच्या जवळपास जाईल. "18 टक्के वाढ" आणि "शंभरांत एकाची भर" ही दोन्ही वाक्ये एकाच माहितीवर आधारलेली आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, पण पहिले वाचून माणूस दचकतो आणि दुसरे वाचून विचार करतो. ज्याला काही विकायचे आहे किंवा ज्याला लक्ष वेधून घ्यायचे आहे, तो लाभ सांगताना आणि भीती घालताना पहिल्या प्रकारचे वाक्य निवडतो, हे मी वारंवार पाहिले आहे. दावा वाचताना "मूळ धोका किती होता?" हा एक प्रश्न विचारायची सवय लागली, तरी निम्मी भीती आणि निम्मी भुरळ ओसरते.

याच घोषणेवरून दुसरा गैरसमज पसरला, तो असा की तंबाखूही त्याच पहिल्या गटात असल्यामुळे प्रक्रिया केलेले मांस तंबाखूइतकेच घातक आहे. हे गट पुरावा किती भक्कम आहे, ते सांगतात. धोका किती मोठा आहे, ते सांगत नाहीत. तंबाखूमुळे कर्करोग होतो याची खात्री आहे आणि या मांसामुळे होतो याचीही खात्री आहे, एवढाच त्या समान गटाचा अर्थ. जुलै 2023 मध्ये ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याचा समावेश त्याच संस्थेने "कदाचित कर्करोगकारक" या गटात केला, तेव्हाही असाच गोंधळ झाला. त्याच वेळी अन्नातील मिश्रद्रव्यांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 40 मिलिग्रॅम ही पूर्वीची मर्यादा बदलण्याचे कारण दिसत नसल्याचे सांगितले होते, आणि ती गोष्ट बहुतेक मथळ्यांत आलीच नाही.

अठरा मोजमापे

2015 मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने आणि त्याच्या जर्मन सहकाऱ्यांनी एक प्रयोग मुद्दाम वाईट पद्धतीने केला. सोळा माणसे जमवली, त्यांचे तीन गट केले. एका गटाला कमी कर्बोदकांचा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि रोज थोडे गडद चॉकलेट, तर तिसऱ्याला नेहमीचाच आहार. तीन आठवड्यांत पंधराजण शेवटपर्यंत टिकले. चॉकलेट खाणाऱ्या गटाचे वजन इतरांपेक्षा वेगाने उतरले असा निष्कर्ष निघाला, पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकाने तो प्रसिद्ध केला, आणि "चॉकलेटने वजन घटते" ही बातमी अनेक देशांतल्या वृत्तपत्रांत झळकली. त्यानंतर बोहॅननने सारा प्रकार स्वतःच उघड केला.

यात आकडे बनावट नव्हते, माणसे खरी होती आणि मोजमापेही खरी होती. युक्ती वेगळीच होती. प्रत्येक माणसाची वजन, कोलेस्टेरॉल, रक्तातील सोडियम, झोप, मनःस्थिती अशी अठरा मोजमापे घेण्यात आली होती. संशोधनात सर्वसाधारण रूढ निकष असा आहे, की खरा फरक काहीच नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल, तर तो निष्कर्ष दखलपात्र मानायचा. एकच मोजमाप घेतले तर हा निकष ठीक आहे. परंतु एकमेकांशी संबंध नसलेली अठरा मोजमापे घेतली, तर त्यांपैकी निदान एकात तरी योगायोगाने "दखलपात्र" फरक दिसण्याची शक्यता 60 टक्क्यांवर जाते. पंधरा माणसांच्या छोट्या गटांत तर दोघातिघांच्या वजनातले नेहमीचे चढउतारही पूर्ण सरासरी हलवतात. काय सिद्ध करायचे ते आधी ठरवलेच नव्हते; जे मोजमाप जुळले, त्याचाच मथळा झाला. वजन जुळले नसते, तर चॉकलेटने झोप सुधारते अशी बातमी आपण वाचली असती.

एरवी कोणतीही लबाडी न करता केलेल्या संशोधनातही हा दोष शिरू शकतो, म्हणून आता मोठ्या चाचण्यांत काय मोजणार आणि कशाला यश मानणार हे आधीच सार्वजनिक नोंदणीत लिहून ठेवावे लागते. असे घडण्याचे प्रमाण किती मोठे असू शकते, याची कल्पना 2013 च्या एका पाहणीवरून येते. जोनाथन शूनफेल्ड आणि जॉन इओनिडिस यांनी पाककृतींच्या पुस्तकातून कोणतेही 50 घटकपदार्थ उचलले आणि त्यांच्याविषयीचे शोधनिबंध तपासले. त्यांपैकी 40 पदार्थांचा कर्करोगाशी संबंध जोडणारे संशोधन सापडले. पुष्कळ पदार्थांच्या बाबतीत एक अभ्यास धोका वाढतो म्हणत होता आणि दुसरा कमी होतो म्हणत होता. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, की हे परिणाम बरेच सौम्य होत होते. एकाच अभ्यासावर आधारलेल्या बातमीवरून स्वयंपाकघरातला एखादा डबा रिकामा करण्याची घाई का करू नये, याचे याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

उंदीर, पेशी आणि माणूस

लाल द्राक्षांत आणि त्यांच्या वाइनमध्ये आढळणाऱ्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्याविषयी 2006 मध्ये मोठे कुतूहल निर्माण झाले, कारण अतिउष्मांकी आहार दिलेल्या उंदरांचे आरोग्य आणि आयुर्मान त्या द्रव्यामुळे सुधारल्याचे एका प्रयोगात दिसले. त्या उंदरांना शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे 22 मिलिग्रॅम मात्रा मिळत होती. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये हे द्रव्य जेमतेम काही मिलिग्रॅम असते. उंदीर आणि माणूस यांच्या शरीरक्रियांतला फरक जमेस धरून मात्रा कमी केली, तरी तेवढे द्रव्य मिळवण्यासाठी माणसाला रोज कित्येक लिटर वाइन प्यावी लागेल, आणि मग द्राक्षातल्या द्रव्याचा प्रश्नच उरणार नाही. प्रयोग प्रामाणिक होता. "रोज एक पेला वाइन हृदयाला आणि दीर्घायुष्याला चांगली" हे वाक्य त्यातून निघत नव्हते.

परीक्षानळीतल्या पेशींवरच्या परिणामांना तर याहूनही कमी वजन द्यावे लागते, कारण पोटातून पचून, यकृतातून जाऊन, रक्तात पुरेशा प्रमाणात पोहोचणे ही वाटच तिथे वगळलेली असते. पदार्थांची ऑक्सिडीकरणविरोधी क्षमता परीक्षानळीत मोजून त्यांची क्रमवारी लावणारी माहिती अमेरिकेच्या कृषी खात्याने एके काळी प्रसिद्ध केली होती. त्या आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होतो आणि त्यांवरून मानवी आरोग्याविषयी काही ठरवता येत नाही, म्हणून 2012 मध्ये ती मागे घेण्यात आली. "सुपरफूड" ठरवलेल्या कित्येक पदार्थांच्या जाहिरातींत ते आकडे त्यानंतरही दिसत राहिले.

पक्का पुरावा कसा दिसतो

एवढे वाचून "म्हणजे आहाराविषयी कोणालाच काही कळत नाही" असे वाटले, तर ते मोठे नुकसान होईल, कारण काही गोष्टी अतिशय पक्क्या ठाऊक आहेत आणि त्यांनी लक्षावधी जीव वाचवले आहेत. ज्या स्त्रियांच्या पूर्वीच्या गर्भात मेंदूचे किंवा मज्जारज्जूचे जन्मजात व्यंग निर्माण झाले होते, अशा 1,817 स्त्रियांवर सात देशांत मिळून एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गर्भाविषयी शेवटी नक्की कळले, त्यांच्यात गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलेल्या 593 स्त्रियांपैकी सहाजणींच्या गर्भात ते व्यंग पुन्हा आढळले. न घेतलेल्या 602 पैकी एकवीसजणींच्या. हा फरक 72 टक्क्यांचा आहे आणि इथे मूळ संख्याही समोर आहेत. चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट, माणसांवरच मोजलेला परिणाम, थेट महत्त्वाची घटना आणि मोठा फरक, या चारही गोष्टी एकत्र आल्यामुळे तो सल्ला आजही जगभर दिला जातो. मात्र चाचणीतली मात्रा जास्त होती आणि ती अशा स्त्रियांसाठी होती. सर्वसामान्य स्त्रीला सुचवली जाणारी मात्रा तिच्यापेक्षा खूप कमी असते.

कृत्रिम ट्रान्स मेदाचा, म्हणजे वनस्पती तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणाऱ्या मेदाचा, पुरावा निराळ्या वाटेने जमला. 1990 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी माणसांना ठरावीक आहार देऊन दाखवले, की हा मेद रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवतो आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवतो. पुढे मोठ्या लोकसमूहांच्या निरीक्षणांतही हृदयविकाराशी त्याचा संबंध दिसला. वेगवेगळ्या पद्धतींचे दोष वेगवेगळे असतात, त्यामुळे त्या सगळ्या एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की विश्वास वाढतो. डेन्मार्कने 2003 मध्ये या मेदावर कायद्याने मर्यादा घातली आणि 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो अन्नातून पूर्णपणे हद्दपार करण्याचे आवाहन केले.

या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ गोष्टी असतात, आणि त्या तशाच मध्ये ठेवता येणे हे मला वाचकाचे खरे कौशल्य वाटते. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाचे उदाहरण घ्या. 2019 मध्ये अमेरिकेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीसजणांना चार आठवडे संशोधन रुग्णालयातच ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न असा क्रम होता. दोन्ही वेळी पुढे वाढलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, मेद आणि तंतू सारखे ठेवलेले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात माणसांनी रोज सुमारे 500 उष्मांक अधिक घेतले आणि त्यांचे वजन सरासरी 0.9 किलोने वाढले. काटेकोर मोजमाप आणि नेमकी तुलना यांमुळे हा प्रयोग लहान असूनही वजनदार आहे. तरीही तो वीसच माणसांचा आणि थोड्या दिवसांचा आहे, आणि अन्न मऊ असल्याने भरभर खाल्ले गेले की त्याच्या प्रत्येक घासात उष्मांक अधिक होते म्हणून जास्त गेले, हे त्यातून ठरत नाही. "असे अन्न कमी खावे" हा सल्ला त्यातून रास्त ठरतो. "कारखान्यात बनलेले सगळे अन्न विष आहे" हे मात्र निघत नाही.

"मला तर गुण आला"

दाव्यांच्या बाजूने सर्वांत प्रभावी साक्ष असते ती स्वतःच्या किंवा जवळच्या माणसाच्या अनुभवाची, आणि ती झिडकारणे कोणालाच आवडत नाही. परंतु सर्दी बहुधा आठवडाभरात आपली आपणच जाते, सांधेदुखी कमीजास्त होत राहते, आणि माणूस उपाय शोधतो तो त्रास कळसाला पोहोचलेला असताना, म्हणजे जेव्हा तो तसाही उतरणीला लागणार असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला जाते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचेच पाहा: ती नियमित घेतल्याने सर्वसामान्य माणसाला सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. नियमित घेणाऱ्या प्रौढांमध्ये सर्दीचा काळ सुमारे आठ टक्क्यांनी घटतो, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस. एवढा सूक्ष्म फरक कोणालाही स्वतःच्या शरीरावर ओळखता येणार नाही. तरीही गोळीमुळेच लवकर बरे वाटले, असे छातीठोकपणे सांगणारी माणसे भेटतात.

अपेक्षा आपल्या डोळ्यांनाही वळण लावते, हे 1994 च्या एका प्रयोगात स्पष्ट झाले. साखर खाल्ली की आपला मुलगा उधळतो असे मानणाऱ्या मातांपैकी काहींना, मुलाला आत्ताच भरपूर साखर दिली आहे असे सांगण्यात आले. वस्तुतः सर्व मुलांना साखर नसलेले पेय दिले होते. ज्यांना साखरेचे सांगितले होते, त्या मातांना आपली मुले अधिक चंचल वाटली. त्या खोटे बोलत नव्हत्या; त्यांना जे दिसले तेच त्यांनी सांगितले. दुसऱ्याच वर्षी साखरेच्या 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि साखरेमुळे मुलांच्या वागणुकीत फरक पडतो असे त्यातही दिसले नाही. (दातांवर आणि वजनावर होणारा साखरेचा परिणाम हा निराळा विषय आहे, आणि तिथला पुरावा पक्का आहे.)

वेष्टनावरची भाषा

कायद्याच्या कचाट्यात न सापडता आशा कशी विकायची, याची एक तयार भाषा आहे. "रोगप्रतिकारशक्तीला आधार देते", "पचनाला साह्य करते", "ताजेतवाने ठेवते" या वाक्यांत मोजता येईल असे काहीच नसते, त्यामुळे ती खोटी ठरवताही येत नाहीत. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानुसार पूरक आहाराची गोळी बाजारात आणण्यापूर्वी तिचा गुण येतो असा पुरावा सरकारला द्यावा लागत नाही. मात्र ती एखादा रोग बरा करते असे लिहिता येत नाही, आणि म्हणून ही धूसर वाक्ये वापरली जातात. युरोपीय संघाने उलट वाट धरली आणि आरोग्यविषयक दाव्यांचा पुरावा आधी मागितला. सदस्य देशांकडून सुमारे 44,000 दावे आले, सारखे दावे एकत्र करून ती यादी सुमारे 4,600 वर आणली गेली, आणि 2012 च्या पहिल्या मान्य यादीत त्यांपैकी 222 दावे उरले.

वेष्टनावरचे खरे आकडेही दिशाभूल करू शकतात. वनस्पती तेलाच्या बाटलीवर "कोलेस्टेरॉलमुक्त" लिहिलेले असते, पण कोलेस्टेरॉल हे प्राणिज पदार्थांतच लक्षणीय प्रमाणात असते. कोणत्याही वनस्पती तेलाला हे लागू पडते. अमेरिकेच्या नियमांनुसार एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी मेद असेल, तर लेबलवर शून्य लिहिता येते. तिथल्या स्वयंपाकाच्या तेलाच्या फवाऱ्यावर म्हणून "मेद शून्य" असे छापलेले दिसते, कारण एक वाढणी म्हणजे पाव सेकंदाचा फवारा असे धरलेले असते. डब्यात मात्र बहुतांश तेलच असते. लेबल वाचताना मोठ्या अक्षरांतल्या दाव्याआधी एका वाढणीचे वजन पाहावे आणि घटकांची यादी वाचावी, कारण बहुतेक देशांत त्या यादीत वजनाने सर्वांत जास्त असलेला घटक पहिला लिहावा लागतो.

पैसा कोणी दिला हेही विचारावे. 1967 मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकार आणि आहार यांवर आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साखरेवरचा संशय सौम्य केलेला होता आणि सगळा भर मेदावर होता. त्यासाठी साखर उद्योगाच्या संघटनेने हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांना पैसे दिले होते, हे जुन्या पत्रव्यवहारावरून 2016 मध्ये जगासमोर आले. उद्योगाचा पैसा असलेले प्रत्येक संशोधन खोटे असते असे नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा, कशाशी तुलना करायची आणि कोणता निष्कर्ष फडताळातच ठेवायचा, हे ठरवण्याची ताकद पैशात असते.

शरीरातली "विषद्रव्ये" बाहेर काढणारे रस आणि चहा यांच्याविषयी थोडक्यातच सांगता येते: ती द्रव्ये कोणती आणि आधी किती होती, नंतर किती उरली, हे विकणारा सांगत नाही. हे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतात. अल्कधर्मी पाण्याने रक्त अल्कधर्मी होत नाही, कारण पोटात आम्ल असते आणि रक्ताचा सामू शरीर 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात काटेकोरपणे राखते. तो तिथून ढळणे हा गंभीर आजार असतो.

नुकसान कुठे होते

"करून बघायला काय जाते?" हा प्रश्न दर वेळी निरुपद्रवी नसतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असताना प्रस्थापित उपचारांऐवजी फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या 281 रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांशी केली गेली, तेव्हा त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. हाही नोंदींवर आधारलेला अभ्यास आहे आणि वर सांगितलेल्या मर्यादा त्यालाही लागू होतात. तरी फरक मोठा आहे आणि उपचार लांबल्याचा परिणाम काय होतो हे इतर मार्गांनीही ठाऊक आहे.

याहून लहान, पण रोजच्या आयुष्यातले धोकेही आहेत. ग्रेपफ्रूटच्या रसामुळे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याने के जीवनसत्त्वाचे सेवन एकदम वाढवले किंवा घटवले, तर औषधाचा मेळ बिघडतो. केसांसाठी आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे निकाल चुकीचे येतात. हृदयाला इजा झाली आहे का हे दाखवणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचा आकडा त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिली होती. "कोणती औषधे चालू आहेत?" असे डॉक्टरांनी विचारले, की या गोळ्या बहुधा कोणाला आठवतच नाहीत, कारण त्यांना औषध असे कोणी म्हणत नाही. म्हणून नुसते नाव सांगण्यापेक्षा बाटलीच सोबत न्यावी. तिच्यावर मात्रा छापलेली असते आणि डॉक्टरांना नेमकी तीच हवी असते.